सिरॉसिस: वजन तेवढेच, पण दंड बारीक झाले

प्रश्न (नागपूर): बाबांना सिरॉसिस (यकृत निबर होत जाण्याचा आजार) असून ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, उपचार सुरू आहेत. पोटात पाणी आहे, वजन घटलेले नाही. मात्र दंड आणि कानशिले खोल गेली आहेत. कुपोषण कशावरून ठरवतात?

उत्तर १: पोटातील पाण्यामुळे वजनाचा आकडा फसवा ठरतो, म्हणून पाणी किती आहे त्यानुसार ५, १० किंवा १५ टक्के, आणि पायांना सूज असल्यास आणखी ५ टक्के वजा करून कोरड्या वजनाचा अंदाज काढतात. दंडाचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागणारा वेळ यांवरून अधिक कळते. पोटाचा सीटी स्कॅन आधीच झाला असेल, तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्नायूंचे क्षेत्रफळ त्यातून मोजता येते. केवळ त्यासाठी नवा स्कॅन मला अनावश्यक वाटतो.

उत्तर २: अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या तपासणीवर भिस्त ठेवू नये. ते यकृतातच तयार होत असल्याने पोषणापेक्षा यकृताची अवस्था आणि शरीरातील दाह अधिक दाखवते.

उत्तर ३: अनेक घरांत, प्रथिने यकृताला सोसणार नाहीत या भीतीपोटी वरण, दही, अंडी बंद केली जातात, आणि स्नायू आणखी झिजतात. सर्वसाधारण शिफारस वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची आहे. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही आवश्यक असते. नेमके प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.