रविवारी शिजवलेलं चिकन, अंडी, पनीर शुक्रवारपर्यंत कसं पुरवता?

पौडरोडकर

नमस्कार मंडळी.

राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. सकाळी साडेसातला कंपनीची बस, घरी यायला रात्रीचे आठ. रक्तातली साखर वाढल्यामुळे डॉक्टरांशी बोलून भात, पोळी, बटाटा, साखर बंद केली आहे. आहार मानवतोय, अंगात हलकेपणा आलाय, त्यामुळे तो सोडायचा नाही हे नक्की. अडचण स्वयंपाकाची आहे. सकाळी ओट्यावर बायको आणि आई पोळी-भाजीच्या गडबडीत असतात, तेव्हा माझं वेगळं काही शिजवत बसणं शक्य नाही. रविवारी दुपारी मात्र दोन-तीन तास मिळतात आणि मला स्वयंपाक मनापासून आवडतो.

सध्या रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून ब्रेस्टचं सुकं चिकन करून ठेवतो. सोमवारी छान लागतं, बुधवारी चिवट होतं आणि वासही बदलतो. अंडी उकडून सोलून ठेवली की बुळबुळीत होतात. घरात फ्रीज एकच, आई शुद्ध शाकाहारी, तिला काही म्हणायला लागू नये असं वाटतं. त्यात आमच्याकडे गुरुवारी कधी कधी दुपारभर लाईट नसते.

शिजवलेलं किती दिवस ठेवायचं, फ्रीझरमध्ये काय चालतं, डबा एक वाजेपर्यंत कसा टिकवायचा, हे जे रोज करतात त्यांच्याकडून ऐकायचं आहे. बाहेरून मागवा असं कृपया सुचवू नका, घरचंच खायचं आहे.

डबेवाली काकू, सिंहगड रोड

पौडरोडकर, मी लो-कार्बचे डबे देते. आयटीतली मुलं, जिमवाले, मधुमेहाची दोन-चार वयस्कर मंडळी असं गिऱ्हाईक आहे. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं ठाम मत आहे की साठवायचं ते साधं शिजवलेलं. मीठ, हळद, आलं-लसूण, थोडं लिंबू, एवढंच. वाटण, टोमॅटो, दही, क्रीम यातलं काहीही रविवारी त्याला लागू द्यायचं नाही. चव ज्या त्या दिवशी द्यायची. एक तर ओल्या खोबऱ्याचं वाटण मांसाच्या आधी उतरतं. तुम्हाला बुधवारी जो वास येतो तो बहुतेक त्याचाच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेच सुकं चिकन चार दिवस समोर आलं की चौथ्या दिवशी डबा उघडावासा वाटत नाही आणि माणूस खाली जाऊन वडापाव खातो. माझ्या गिऱ्हाइकांची पथ्यं मोडताना मी पाहिली आहेत, त्यात भुकेपेक्षा कंटाळाच जास्त होता.

चिकन मांडीचं घ्या, बोनलेस. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते, दुसऱ्यांदा गरम केलं की सुतळीसारखं लागतं. ब्रेस्टच हवं असेल तर लिटरभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात तासभर बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, मग शिजवा. रस धरून राहतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे सिंकभर, ओटाभर उडतात आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पडतात. शिजवल्यावर जंतू मरतातच, म्हणून कागदाने टिपून घेतलं की पुरे. जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात होऊ द्या. बोनलेसला कुकर नको, दोऱ्या सुटतात. अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळतो तो घ्याच. सगळ्यात जाड तुकड्याच्या मधे ७४ अंश सेल्सिअस आलं की झालं. नुसत्या रंगावरून अंदाज बांधलात तर एक तर कच्चं राहतं नाहीतर वाळून जातं.

आता खरा मुद्दा, तो गार करण्याचा. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. आपल्याकडे पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि निजताना फ्रीजमध्ये सरकवायचं अशी रीत आहे. मांसाच्या बाबतीत ती सोडा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत एका तासात. काही जंतू असं विष सोडतात की पुढे कितीही उकळलं तरी ते जात नाही. त्यामुळे 'खाताना खळखळ उकळून घेऊ' यावर विसंबू नका.

मी परातीत गार पाणी आणि बर्फ घालते, त्यात पातेलं ठेवून चमच्याने खालीवर करते. वाफ गेली की चपट्या स्टीलच्या डब्यांत पसरते, थर दोन इंचांच्या आतच. उंच डब्यात कडा गार लागतात आणि मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. डब्यावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर तारीख. आठवणीवर सोडू नका.

फ्रीज ४ अंशांच्या खाली असेल तर शिजवलेलं चिकन तीन ते चार दिवस. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवारचं खाली ठेवा आणि गुरुवार-शुक्रवारचं रविवारीच फ्रीझरमध्ये टाका. बुधवारी उरलंसुरलं फ्रीझ करण्यात अर्थ नाही. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, त्यामुळे आत गेलं तसंच बाहेर येतं. फ्रीझर उणे १८ ला असेल तर दोन-तीन महिने चवही बरी राहते. बुधवारी रात्री गुरुवारचा डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, ओट्यावर वितळवू नका. आणि वास येत नाही म्हणजे चांगलं आहे असं धरू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही.

अंडी दहा-बारा मिनिटं उकळा, लगेच गार पाण्यात टाका आणि सालासकट फ्रीजमध्ये ठेवा. आठवडा राहतात. सोलायची ती त्या दिवशीची त्या दिवशी. उकडलेली अंडी फ्रीझरमध्ये मात्र घालू नका, पांढरं चिवट होऊन पाणी सुटतं. पिवळ्याभोवती हिरवट कडा दिसली तर टाकून देऊ नका. जास्त उकळल्याने लोह आणि गंधक एकत्र येऊन ती होते, अपाय काही नाही.

आईंचं तुम्ही मनावर घेतलंत हे फार आवडलं. वरचे कप्पे त्यांचे. तुमचे डबे खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाचे, एका ताटात. कच्चं मांस असेल तर ते सगळ्यात खाली, म्हणजे गळलं तरी कशावर पडणार नाही. सुरी, फळी, डबे, घासणी वेगळी. रविवारचं त्यांना आधी विचारून घ्या. संकष्टी किंवा काही असेल तर शिजवणं शनिवारवर आणता येतं, आणि श्रावणात महिनाभर अंडी-पनीरवर निघतं का तेही बघता येईल.

लाईट गेली की दार उघडायचंच नाही. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास धरतो. फ्रीझर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या थोड्या कमी भरून त्यात ठेवा. त्याच गोठलेल्या बाटल्या सकाळी डब्याच्या पिशवीतही घालता येतात.

वॉर्डमधली सिस्टर

काकूंच्या उत्तरात एवढंच जोडते. पौडरोडकर, साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरं होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच साखर तपासा, आणि डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना परत विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर प्रोटीन किती खायचं हेही त्यांनीच ठरवायला हवं.

तुळशीबागेमागे

आमचं घर पूर्ण शाकाहारी, मीही असाच आहार घेते. पनीर घरचं असो की डेअरीचं, पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला. तळून किंवा परतून साठवलं तर घट्ट होतं. तसं झालंच तर मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं टाका, पुन्हा मऊ पडतं. फ्रीझरमधलं पनीर भुसभुशीत होतं, त्याची भुर्जी करावी. टोफूचं उलट आहे. तो फ्रीझ करून वितळवून पिळला की आत जाळी पडते आणि मसाला चांगला मुरतो. मी मुद्दाम फ्रीझ करते.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आमच्यात सगळे इथेच फसतात. उसळ म्हणजे प्रोटीन असं धरून वाट्याच्या वाट्या खातात. शिजवलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे ९ ग्रॅम प्रोटीन असतं आणि त्याच्या तिप्पट, साधारण २७ ग्रॅम कार्ब. सोयाच्या वड्यांत कोरड्या १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन आणि ३३ च्या आसपास कार्ब असतात, पण एका वेळी पंचवीस-तीस ग्रॅमच लागतात, त्यामुळे बसतं. वड्या उकळून, दोनदा पिळून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवते. आईंनाही तुमच्या ताटातलं हे खाता येईल.

रत्नागिरीचा, आता वारज्यात

मासे शिजवून साठवू नका असं मी म्हणेन. चालतात तीन दिवस, पण खाणाऱ्याला ते मासे वाटत नाहीत. गणेश पेठेतून सुरमई आणली की तुकडे करून, मीठ-हळद-तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून, एकेका जेवणाचे वेगळे करून कच्चेच फ्रीझरमध्ये टाकतो. रात्री खाली उतरवले की सकाळी तव्यावर सात-आठ मिनिटांत होतात. रवा नाही, तांदळाचं पीठ नाही, नुसतं तेल. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत जास्त जपा. हे मासे उबेला राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं, ते शिजवून किंवा फ्रीझ करून जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पुरळ असा त्रास होतो. कोळणीकडून बर्फासकट घ्या आणि थेट घरी या.

पौडरोडकर

सगळ्यांचे खरंच आभार. सिस्टर, गोळी चालू आहे, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवतो. काकू, अजून दोन शंका. आठवड्याला चिकन किती आणू? आणि रोजच्या रोज चव द्यायची म्हणजे सकाळी पुन्हा ओटा अडवायचाच ना? वाटणाशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही हेही खरं. ऑफिसमध्ये फ्रीज आहे पण तो दुपारी बाराला ठासून भरलेला असतो.

डबेवाली काकू, सिंहगड रोड

एक किलो बोनलेस शिजून साधारण सातशे-साडेसातशे ग्रॅम उरतं. शिजलेल्या मांडीच्या १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात सहा. तुमचा आकडा डॉक्टरांकडून घ्या आणि त्यावरून हिशोब करा. दुपारी दीडशे ग्रॅम चिकन आणि सोबत पालेभाजी धरली तर पाच दिवसांना किलोभर पुरतं. रात्री अंडी, पनीर, मासे फिरवत राहा.

वाटण सोडू नका, वेगळं साठवा. सुकं खोबरं, कांदा, लसूण, तीळ, धणे, लाल मिरची खरपूस भाजून कमीत कमी पाण्यात वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. कांदा बेताचा घ्या, तुमच्या आहारात त्याचेही कार्ब मोजायचे. गोठले की वड्या काढून एका डब्यात भरा. दुसऱ्या ट्रेमध्ये हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबू. हे दोन असले की सकाळी छोट्या कढल्यात चमचाभर तेल, एक वडी, त्यावर चिकन, चिरलेली भोपळी मिरची किंवा कोबी, आणि पाच-सात मिनिटांत डबा तयार. आईंची पोळी तव्यावर असताना शेजारच्या बर्नरवर होतं. एखाद्या दिवशी वडीही नको, तुपात मिरी आणि कढीपत्ता परता. माझ्याकडचे मधुमेहाचे एक आजोबा तेवढंच मागतात. चिकन वाफाळेपर्यंत गरम झालं पाहिजे, वरवर चटका देऊन चालत नाही.

डब्याचं असं आहे की साडेसात ते एक म्हणजे साडेपाच तास होतात, आणि कोमट डबा तेवढा वेळ बॅगेत ठेवणं योग्य नाही. दोन वाटा आहेत. चांगल्या थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून चिकन अगदी वाफाळतं भरा आणि झाकण मधे उघडू नका. एखाद्या रविवारी घरीच असंच भरून ठेवा आणि एक वाजता थर्मामीटर लावा, ६० च्या वर राहत असेल तरच हा मार्ग धरा. नाहीतर मसाला रात्रीच लावून डबा फ्रीजमध्ये गार करा, सकाळी इन्सुलेटेड पिशवीत दोन गोठलेल्या जेल पॅकच्या मधे ठेवा आणि ऑफिसात मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. मार्च ते मे मी सगळ्यांना हाच गार डबा देते. स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, तेव्हा काचेचा डबा घ्या. पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये जागा असते, तेव्हाच ठेवून टाका.

एका डब्यात एकाच जेवणाचं भरा, कारण गरम करून उरलेलं परत फ्रीजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा गरम करू नये. दुकानात रविवारी सकाळी लवकर जा, कापून समोर ठेवलेलं नको, समोर कापून घ्या. जाताना तीच गार पिशवी न्या. चिकन सगळ्यात शेवटी घ्यायचं, भाजी आधी.