मदत हवी आहे: स्पिटफायरचे दरवाजाचे पॅनल नागपुरात कुठे मिळतील?

कॉटनमार्केटवाला:
ट्रायम्फ स्पिटफायर आहे, जुनी इंग्रजी दोन सीटची गाडी, बाबांची. दोन्ही दरवाजांचे आतले पॅनल खालून फुगून वाकडे झाले. लाल रेक्झिनचे पाहिजेत. डॅशबोर्डच्या लाकडाचाही पापुद्रा सुटून राहिला. दोन महिने हिंडून राहिलो. सीटकव्हरवाले गाडीसोबत फोटो काढतात आणि "पुढच्या हप्त्यात या" म्हणतात. पत्ता असेल तर लवकर सांगा.

जुनं_लोखंड:
कोणतं मार्क, म्हणजे कितवी आवृत्ती? साल?

कॉटनमार्केटवाला:
स्पिटफायर म्हटलं नं.

जुनं_लोखंड:
अहो भाऊ, १९६२ ते १९८० बनली ती. मीटर मधोमध आहेत का स्टिअरिंगसमोर? मार्क ३ पर्यंत मधोमध होते.

कॉटनमार्केटवाला:
मधोमध. आरसी बुकावर १९६९.

हेराल्डवाले_काका:
मग चिंता कायची? चॅसिस ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून घेतलेली. मद्रासला स्टँडर्ड कंपनीनं हेराल्ड बनवली, चार दरवाजांचीसुद्धा. भंगारात शोधा. आमच्या हेराल्डमध्ये आम्ही सात जण रामटेकला गेलो होतो, डिकीत तर्रीचं पातेलं. सांडली नाही बाप्पा!

जुनं_लोखंड:
काका, चॅसिस जुळली म्हणून दरवाजा जुळत नाही. हेराल्डचे पॅनल नाही बसणार.

थंडा_रेडिएटर:
मे महिन्यात गाडी गरम होत असेल. आधी इलेक्ट्रिक पंखा बसवा.

कॉटनमार्केटवाला:
पंख्याचं कोणी विचारलं?

पार्सलवाला:
इंग्लंडहून मागवा. न्यूटन कमर्शियल ट्रायम्फचं ट्रिम (आतलं पॅनल-रेक्झिन) बनवते, रिमर ब्रदर्सकडेही बघा. कस्टम धरूनच हिशोब करा. बॉनेट पुढं उलटवून कमिशन नंबरची, म्हणजे कंपनीनं गाडीला दिलेल्या नंबरची, प्लेट पहा. मार्क ३ असेल तर नंबर एफडीनं सुरू होईल. त्याच प्लेटवर ट्रिमचा कोडही असतो.

लाकडगंजचा_रंधा:
एवढा पैसा कायले घालवता जी? तीन एमएमचा मरीन प्लाय घ्या. जुना पॅनल कितीही सडला असला तरी फेकू नका, तोच साचा. त्यावरून क्लिपांची भोकं आखा, कडांना दोन हात वार्निश मारा, मग रेक्झिन चढवा. आणि दरवाजाच्या पत्र्यावर आतून प्लास्टिक आहे का ते पहा. काचेच्या फटीतून पाणी आत उतरतंच. प्लास्टिक नसेल तर नवा पॅनलही दोन पावसाळ्यांत फुगेल.

पार्सलवाला:
प्लाय लावला की ओरिजिनॅलिटी गेली.

लाकडगंजचा_रंधा:
रेक्झिनखालचा प्लाय कोणाला दिसते? तुम्ही गाडी चालवता का सोलून पाहता?

हेराल्डवाले_काका:
रामटेकच्या वेळी रस्ताही काय मस्त होता म्हणता...

कॉटनमार्केटवाला:
प्लास्टिक नाहीच. प्लेट घासून पाहिली. नंबर एफडीचाच, ट्रिमसमोर ११.

पार्सलवाला:
११ म्हणजे काळा. तुमच्या गाडीचं आतलं रेक्झिन लाल नव्हतंच, कोणीतरी नंतर केलं. काळा सेट मागवा.

कॉटनमार्केटवाला:
"कोणीतरी" म्हणजे बाबाच असतील. लालच पाहिजे. रंधा, जुने पॅनल घेऊन रविवारी लाकडगंजात येऊ का? डॅशबोर्डही काढून आणू का?

लाकडगंजचा_रंधा:
रविवारी बंद असते. सोमवारी या. डॅशबोर्ड काढायच्या आधी मीटरमागच्या तारांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर इथं अजून एक धागा काढाल.

थंडा_रेडिएटर:
डॅशबोर्ड निघतोच आहे तर पंख्याचं स्विच तिथंच देऊन टाका.