जीआरई व्हर्बल 147 वर अडकलंय, परत द्यायची तर तयारी कशी करू?

पाऊलवाट
जीआरईचा (परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेचा) निकाल आला. क्वांट (गणित) 166, व्हर्बल (इंग्रजी) 147. पॉवरप्रेपच्या (अधिकृत सरावाच्या) दोन्ही मोफत चाचण्यांत व्हर्बल 151-152 येत होतं, त्यामुळे फार हिरमोड झालाय. मेकॅनिकलला आहे, पुढच्या फॉलसाठी (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी) अमेरिकेत एमएसला अर्ज करायचेत. पहिली मुदत 15 डिसेंबरची, आता ऑगस्ट संपत आलाय. यादीतले आठेकशे शब्द पाठ आहेत, पण वाक्यात आले की गोंधळ उडतो. परत द्यावी का, कधी द्यावी, आणि व्हर्बलसाठी नेमकं काय करावं? क्वांटही पुन्हा करावं लागेल का?

दप्तर
हिरमोड होणं साहजिक आहे, पण त्या आकड्याकडे जरा नीट बघा. व्हर्बलचे एकूण 27 प्रश्न आणि त्यांवर 130 ते 170 ही पट्टी. दोन-तीन प्रश्न इकडचे तिकडे झाले की चार-पाच गुण हलतात. जगभरातली सरासरी 151 च्या आसपास आहे. 147 वरून 153 ला जायचं म्हणजे इंग्रजी नव्याने शिकायचं नाहीये, हातातोंडाशी येऊन निसटलेले प्रश्न पकडायचे आहेत.

आता नियम. दोन परीक्षांत किमान 21 दिवसांचं अंतर लागतं आणि सलग 12 महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा बसता येतं. गुण पाच वर्षं चालतात. स्कोअरसिलेक्टमुळे कुठल्या तारखेचे गुण पाठवायचे ते तुम्ही ठरवता, बाकीच्या परीक्षांचा विद्यापीठाला पत्ताही लागत नाही. मात्र एका तारखेचे गुण अख्खे जातात. या वेळचं क्वांट आणि पुढच्या वेळचं व्हर्बल उचलून एकच निकाल बनवता येत नाही. दोन्ही निकाल पाठवले तर काही विद्यापीठं प्रत्येकातलं चांगलं तेवढं बघतात, सगळी नाही. म्हणून क्वांट गंजू देऊ नका: आठवड्यातून दोनदा एकेक विभाग घड्याळ लावून सोडवा, एकदा 21 मिनिटांत 12 प्रश्न, एकदा 26 मिनिटांत 15.

21 दिवस झाले की लगेच बसायचा मोह होईल, तो आवरा. एवढ्या वेळात व्हर्बल फारसं हलत नाही, फी मात्र पुन्हा भरावी लागते. अधिकृत गुण यायला 8 ते 10 दिवस लागतात, हे धरून मुदतीपासून उलटी गणती करा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख घेतलीत तर काही बिनसलं तरी नोव्हेंबरच्या मध्यावर आणखी एक संधी हातात राहते.

आणि त्याआधी, आजच, ज्या विभागांना अर्ज करणार त्यांची पानं उघडा. 2020 नंतर बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली, काही ठिकाणी ती बघतच नाहीत. विद्यापीठाच्या मुख्य पानावर विसंबू नका, विभागाचं पान बघा. दोन्हींत फरक असतो. इंजिनिअरिंगला क्वांटचं वजन जास्त. तुमच्या यादीतले बहुतेक विभाग ऐच्छिकवाले निघाले तर हाच वेळ एसओपीवर (अर्जासोबतच्या उद्देशपत्रावर) लावणं जास्त शहाणपणाचं.

शब्दवेल्हाळ
आठशे शब्द पाठ असून वाक्यात अडतात याचं कारण बहुधा शब्दांत नाही, वाक्य सोडवायच्या पद्धतीत आहे. टीसीमध्ये (टेक्स्ट कम्प्लीशन, म्हणजे रिकाम्या जागा भरणं) बहुतेक जण वाक्य वाचून थेट पर्यायांवर जातात आणि पर्याय एकेक करून रिकाम्या जागेत बसवून बघतात. परीक्षा घेणाऱ्यांना हेच हवं असतं, कारण चुकीचा पर्यायही कानाला बरा वाटेल असाच निवडलेला असतो.

त्याऐवजी पर्याय हाताने झाका. वाक्यातला धागा शोधा, म्हणजे रिकाम्या जागेत काय यायला हवं ते सांगणारे शब्द. मग वळण शोधा: ऑल्दो, डिस्पाइट, फार फ्रॉम, हार्डली, किंवा नुसता कोलन. मग स्वतःचा शब्द ठरवा, मराठीत सुचला तरी चालेल. त्यानंतरच पर्याय.

उदाहरण मराठीतच देतो: 'सुरुवातीला टीकाकारांनी तो अहवाल ____ म्हणून मोडीत काढला असला, तरी पुढे त्यातल्या बारकाईचं सगळ्यांनीच कौतुक केलं.' पर्याय: कन्टेन्शस, कर्सरी, एक्झॉस्टिव्ह, पार्टिझन, ऑब्सोलीट. टीकाकार म्हटलं की मन 'वादग्रस्त'कडे धावतं आणि हात कन्टेन्शसवर जातो. पार्टिझनही खपून जाईल असं वाटतं. पण धागा 'बारकाई' आहे आणि 'असला तरी' हे वळण. म्हणजे बारकाईच्या उलट, 'वरवरचा'. कर्सरी. वादग्रस्त असण्याचा बारकाईशी संबंध नाही, म्हणून तो पर्याय कितीही साजरा दिसला तरी बाद.

दोन-तीन रिकाम्या जागा असतील तर पहिलीपासून सुरुवात करायची सक्ती नाही. जिचा धागा सर्वांत स्पष्ट ती आधी भरा. सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण, अर्धवट काही मिळत नाही. एसईमध्ये (सेन्टेन्स इक्विव्हॅलन्स, म्हणजे एकाच जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन शब्द निवडणं) उलटा सापळा असतो: सहा पर्यायांत एखादी समानार्थी जोडी अशी असते की ती वाक्यात बसतच नाही, आणि एखादा चपखल शब्द असा असतो की त्याला जोडीदारच नसतो. जोडी दिसली म्हणून उचलू नका, आधी वाक्य.

शब्दांबद्दल: नवे शब्द दिवसाला 12 पुरेत, बाकी वेळ उजळणीला. अँकीसारखं उजळणीचं कार्ड-ॲप वापरत असाल तर पुढच्या बाजूला नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य टाका. मागे अर्थ, सूर कौतुकाचा की टीकेचा, आणि जवळचे दोन शब्द. ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ वेगळे काढा, घात तेच करतात. क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, चेक म्हणजे रोखणं, पेडेस्ट्रियन म्हणजे रटाळ, अप्रोप्रिएट म्हणजे बळकावणं, टेम्पर म्हणजे धार कमी करणं. यादीच्या टोकाच्या दुर्मीळ शब्दांपेक्षा हे फार जास्त उपयोगी पडतात.

पाऊलवाट
दोघांचेही आभार. विभागांची पानं पाहिली. यादीतल्या दोन ठिकाणी जीआरई सक्तीची आहे, त्यामुळे परत देणार. पॉवरप्रेपच्या चाचण्या पुन्हा उघडून चुका तपासल्या. निम्म्याहून जास्त आरसीतल्या (उताऱ्यांवरच्या प्रश्नांतल्या) आहेत, आणि दुसऱ्या विभागात शेवटचे प्रश्न घाईत उरकलेत. उताऱ्यातले शब्द कळतात, तरी दोन पर्यायांत अडकायला होतं.

समासात_टीप
दोन पर्यायांत अडकणं म्हणजे उतारा साधारण कळलाय, पण नेमकं वाक्य हाती नाही. बरोबर उत्तराला उताऱ्यात आधाराची ओळ असतेच. ती बोटाने दाखवता आली नाही तर तो पर्याय निवडायचा नाही. चुकीचे पर्याय ठरावीक घाटाचे असतात: लेखकाने 'काही' म्हटलं तिथे पर्याय 'सर्व' म्हणतो; शब्द उताऱ्यातलेच, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल; विधान जगात खरं, पण उताऱ्यात नाही; किंवा लेखक ज्याचं खंडन करतोय ते मत लेखकाच्याच माथी मारलेलं. हा शेवटचा सर्वांत जास्त फसवतो, कारण जीआरईच्या कितीतरी उताऱ्यांची चाल 'आधी असं मानलं जाई, नवा पुरावा वेगळं सांगतो, पण तोही पूर्ण नाही' अशी असते. कोण बोलतंय ते प्रत्येक वाक्याला ठाऊक हवं.

त्यासाठी एक वही करा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला चार नोंदी: प्रश्नाचा प्रकार, निवडलेलं उत्तर आवडलं का, बरोबर उत्तराच्या आधाराची ओळ, आणि चुकीचं कारण. कारणात 'सिली मिस्टेक' लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. 'वळण सुटलं', 'अतिरेकी शब्द दिसला नाही', 'ओळ न शोधता आठवणीवर उत्तर दिलं' असं लिहा. साठ-सत्तर प्रश्नांनंतर तुमचा घाट आपोआप दिसेल. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही त्यात घ्या.

काही वाक्यरचना मुद्दाम घोटून घ्या. 'ऑल बट' म्हणजे जवळजवळ, 'एनिथिंग बट' म्हणजे मुळीच नाही. 'फॉर ऑल इट्स' म्हणजे असूनसुद्धा. 'नॉट अनलाइक' म्हणजे सारखंच. शब्द सोपे, पण भरभर वाचताना वाक्याचा अर्थ इथे पार उलटतो.

रोजचं वाचन वर्तमानपत्रापुरतं ठेवू नका. उतारे भौतिक आणि जीवशास्त्र, समाजशास्त्रं, कला, व्यापार अशा सगळ्या विषयांतून येतात, आणि मेकॅनिकलवाल्याला कलासमीक्षेचा उतारा हमखास जड जातो. तेच वाचा. साधारण 400-500 शब्दांचा तुकडा घ्या. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून लेखक इथे काय करतोय ते एका वाक्यात मराठीत सांगा: दावा मांडतोय, आक्षेप घेतोय की पुरावा देतोय. वाचता वाचता ओळीगणिक मराठी भाषांतर मात्र करू नका, वेळ तिथेच जातो.

आता घाईचं. पहिला विभाग 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसरा 23 मिनिटांत 15, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. टीसी-एसई सरासरी 50 ते 60 सेकंदांत संपवा, तेव्हा कुठे आरसीला वेळ उरतो. विभागाच्या आत पुढे-मागे जाता येतं, त्याचा फायदा घ्या: शब्दच माहीत नसलेला तीन जागांचा टीसी खूण करून सोडा. दोन मिनिटं बघत बसलं तरी न येणारा शब्द आठवत नाही. उणे गुण नाहीत, त्यामुळे सोडतानाही काहीतरी निवडूनच सोडा. पहिल्या विभागावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा तिथे घाईने चुका करणं महागात पडतं. 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात तिन्ही पर्याय एकमेकांशी तोलू नका, प्रत्येकाला स्वतंत्र हो किंवा नाही.

सरावाला शक्यतो ईटीएसचेच (परीक्षा घेणाऱ्या संस्थेचेच) प्रश्न. बाहेरच्या संचांचं क्वांट चालून जातं, पण व्हर्बलमध्ये त्यांचे पर्याय बऱ्याचदा तर्कापेक्षा दुर्मीळ शब्दांवर उभे असतात आणि सवय बिघडवतात. मोफत चाचण्या तुमच्या देऊन झाल्यात. परत दिल्या तर तेच प्रश्न येतील, गुण फुगीर दिसतील. पॉवरप्रेप प्लसची (विकतच्या चाचण्यांपैकी) एक सप्टेंबरच्या अखेरीला आणि एक परीक्षेच्या आठवडाभर आधी द्या. दोन्ही चाचण्या सुरुवातीच्या निबंधापासून सलग, ज्या वेळेचा स्लॉट घेतलाय त्याच वेळेला. दुसरीत 150 च्या आत राहिलात आणि वहीतलं मुख्य कारण अजून तेच असेल, तर तारीख पुढे ढकला. परीक्षेला चारपेक्षा कमी दिवस उरले की तारीख बदलू देत नाहीत, म्हणून ती चाचणी आठवडाभर आधी.