घरच्या मशीनवर फ्री मोशन एम्ब्रॉयडरी शिकायची आहे, सल्ला द्या (बजेट ३०००)

अबोली_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. मी मांजरपाटाच्या पिशव्या शिवते आणि दिवाळीनंतर पर्यटक यायला लागले की दोन दुकानांत ठेवते. यंदा त्यांवर सुरंगी, काजूची बोंडं, होडी असं काहीतरी मशीननेच, कापड हाताने फिरवत काढायचं मनात आहे. घरात मोटरवाली साधी झिगझॅग मशीन आहे. कापड पुढे सरकवणारे तिचे दाते खाली जात नाहीत, पण त्यांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी सोबत आली होती. कापड दाबून धरणारा फूट काढून, रिंग लावून प्रयत्न केला तर खालून दोऱ्याचा नुसता गुंता. फूट, रिंग, दोरा कोणता घ्यावा? सगळं मिळून ३००० च्या आत. नवीन मशीन घ्यायची नाही, आधीच सांगून ठेवते.

गुहागरची_सून
नवीन मशीनच घ्या. माझी कॉम्प्युटरवाली आहे. डिझाइन टाकायचं, बटण दाबायचं आणि डाळीला फोडणी देऊन यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण वसूल होतात.

आंबोळी
थोडे? त्या पैशात अबोलीताईंच्या वर्षभराच्या पिशव्या येतील. शिवाय ती फ्री मोशन नव्हे. तिथे मशीन कापड हलवतं, इथे आपण हलवायचं.

गुहागरची_सून
गिऱ्हाईक पिशवी बघतं, कोणी काय हलवलं ते बघत नाही.

मालवणी_माय
अगो बाय, मोटर कित्याक होयी? माझ्याकडे सासूच्या टायमाची काळी पायमशीन आसा, अजून फस्क्लास चलता. पाय थांबलो की सुई थांबता. आणि पावसात लाईट गेली तरी काम चालू. तेल म्हणशात तर मी खोबरेल घालतंय, आजून काय एक झाला नाय.

दुरुस्तीवाला_श्रीवर्धन
खोबरेल घालणाऱ्यांवरच माझं पोट चालतं, तेव्हा माय, तुम्ही घालत राहा. बाकीच्यांसाठी: ते तेल कालांतराने चिकटतं, त्यात धागे आणि धूळ बसते आणि मशीन जड होते. मशीनचं पांढरं तेलच घाला. पायमशीनबद्दल मात्र मायशी सहमत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे लाईटचा पत्ता नव्हता. तेव्हा शिवण चालू होती ती पायमशीनवाल्यांचीच.

चिपळूणची_शिवणकला
प्रश्न राहिला बाजूला. अबोली, गुंता खाली दिसतो, पण बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट काढला की आपण फूट खाली करायचा दांडा तसाच वर ठेवतो. दांडा वर असेल तर टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या उघड्या राहतात, दोरा सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. फूट असो-नसो, दांडा खाली हवाच. सुरू करताना हाताने चाक फिरवून खालचा दोरा वर काढून घे आणि पहिल्या दोन-चार टाक्यांना दोन्ही टोकं धरून ठेव.

वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं कमी कर. बॉबिनचा दोरा वर दिसायला लागला तर अजून कमी. टाक्याची लांबी शून्यावर. खरं तर लांबी शून्य केली की दाते पुढे ढकलत नाहीत, पट्टी नसली तरी चालतं.

रिंग आपण हाताने भरताना लावतो तिच्या उलट लावायची, म्हणजे कापड मशीनच्या पाटाला टेकलं पाहिजे. पातळ रिंग घे, जाड लाकडी रिंग सुईखालून जात नाही. आतल्या गोलाला कापडाची पट्टी गुंडाळ, कापड सरकत नाही.

आणि फूट लाव गं बाई. उघड्या सुईखाली बोटं घेऊन बसू नकोस. स्प्रिंगवाला डार्निंग फूट किरकोळ किमतीत मिळतो. त्याचा वरचा दांडा सुई आवळायच्या स्क्रूच्या वर बसायला हवा, नाहीतर फूट सुईबरोबर वर उडत नाही. दुकानातून खालीच बसवून देतात.

आंबोळी
पट्टी नको म्हणणं पटलं नाही. माझ्याकडे दाते वरखाली होतात आणि पातळ कापड अडकतं. पट्टी लावावी.

चिपळूणची_शिवणकला
पातळ कापडाला लाव की. ती मांजरपाटावर करतेय.

तुतारीवाली
दोरा रेयॉनचाच घ्या, चमक बघत राहावं अशी. मी दादरला जाते तेव्हा पिशवीभर शेड घेऊन येते, रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली की सकाळी सावंतवाडी. इकडे तशा शेड मिळत नाहीत.

आंबोळी
पिशवी धुतली जाणार, कोणी ब्लीच पण घालणार. पॉलिस्टरचा एम्ब्रॉयडरी दोरा घ्या, रंग टिकतो. आणि दांडा खाली करायला विसरू नका.

तुतारीवाली
चमक पण टिकते का बघा.

खाडीकाठ
माझं ऐका, हे सगळं सोडा आणि आरी शिका, आकड्याच्या सुईने हाताने भरतात ती. सध्या ब्लाउजला आरीचीच मागणी आहे. माझ्या भाचीने क्लास लावला, आता लग्नसराईत तिला जेवायला फुरसत नसते.

दुरुस्तीवाला_श्रीवर्धन
सुईबद्दल कोणी बोललंच नाही. घरच्या मशीनला एका बाजूने चपटी दांडी असलेली सुई लागते. कारखान्याच्या मशीनची गोल दांडीची सुई दुकानदार तीच म्हणून देतो, ती घेऊ नका. मांजरपाटाला १४ नंबर. सुई कापडात असताना रिंग ओढली की सुई वाकते, खालच्या धातूच्या पट्टीवर आपटते आणि तुटते. मशीन एकसारख्या वेगात, हात सावकाश. नवीन माणूस उलट करतो: भीतीने मशीन हळू चालवतो आणि हात झपाझप फिरवतो, मग टाके लांबलचक पडतात.

पावसाळ्यात काम संपलं की सुई काढून ठेवा, गंजते. वरून प्लास्टिक घालू नका, आत दमट राहतं. सुती कापड घाला.

चिपळूणची_शिवणकला
गंजाचं आम्हाला नका सांगू. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी मशीन पाण्याखाली होती. उघडून, पुसून, तेल पाजून चालू केली. तिच्यावरच अजून शिकवते.

अबोली, एक राहिलं. मांजरपाट आधी धुऊन घे. खळ जाते आणि आटायचा तो आटतो. न धुता भरलंस तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा आटत नाही, नक्षीभोवती चुण्या पडतात. पिशवी शिवण्याआधी सपाट तुकड्यावरच भर. खाली पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, नाहीतर साधा ट्रेस पेपर. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

गुहागरची_सून
एवढा खटाटोप! म्हणून म्हटलं कॉम्प्युटरवाली घ्या.

अबोली_वेंगुर्ला
सगळ्यांचे आभार. दांडा खाली केला, गुंता गेला. फूट आणि १४ नंबरच्या सुया कुडाळहून मागवल्या.

दोऱ्याचं मात्र तुमचं कोणाचंच ऐकत नाही. रेयॉन नको, पॉलिस्टर नको. घरात साध्या काळ्या सुती दोऱ्याची रिळं पडून आहेत. पेनाने काढल्यासारखी नुसती काळी रेष ठेवणार, आत काही भरणार नाही. काल होडी काढली, शिडाची रेष जरा वाकडी गेली, पण मला तशीच आवडली. दुकानदार म्हणाला रंग हवा. बघू, डिसेंबरपर्यंत ठेवते. ३००० पैकी बरेच उरलेत, त्याचा मांजरपाट आणते.

तुतारीवाली
काळा?? लाल नाही तर निदान मरून घ्या हो. पर्यटक काळं घेत नाहीत.

मालवणी_माय
घेतत गो. तू काढ.

कोकम_सरबत
@खाडीकाठ, ते आरीचे क्लास कुठे आहेत? फी किती?