मदत हवी आहे: वाऱ्यासाठी सायकलिंग जॅकेटचे माप कसे ठरवावे?

मी दर रविवारी पहाटे कोल्हापूरहून पन्हाळ्याला, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर, सायकलने जातो. चढावर आलेला घाम उतारावरच्या वाऱ्याने गार पडतो आणि छाती आखडते. साधे विंडचीटर वापरून पाहिले. ते पाठीवर फुगते, हँडल धरताच बाह्या मनगटावरून वर सरकतात आणि कंबर उघडी पडते. एक माप लहान घेतले, तर ते खांद्यांत आवळले. माझी छाती ३८ इंच असली तरी हात लांब आहेत. पावसासाठी रेनकोट वेगळा आहे. त्यामुळे पाठीला जाळी असलेले, जर्सीच्या खिशात मावणारे जॅकेट ३००० रुपयांपर्यंत हवे आहे. दुकानात उभे राहून घातलेले जॅकेट सायकलवर वाकल्यावर नीट बसेल, हे कसे ओळखावे? की मोठे माप घेऊन शिंप्याकडून बाजू आत घेणे योग्य ठरेल?