मदत हवी आहे: घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण टॅबवर भागेल की वेगळा रेकॉर्डर घ्यावा?

फोंडेकर: वाड्यावरच्या मेळाची घुमट आरती (घुमट या गोव्यातील मातीच्या, कातडे लावलेल्या वाद्याच्या साथीने गायची आरती) चतुर्थीपूर्वी मुद्रित करून बाहेरगावच्या नातेवाइकांना पाठवायची आहे. चित्रण, ध्वनी आणि संपादन या सगळ्याला एकटा टॅब पुरेल, असे दुकानदाराने सांगितल्यामुळे मागच्याच महिन्यात तो घेतला. प्रत्यक्षात कासाळे (मोठी झांज) वाजले की गाणाऱ्यांचा आवाज दबतो आणि वादन थांबताच पंख्याची घरघर वर येते. टॅब विकून रेकॉर्डर घ्यावा का, एवढेच सांगा.

केपेकर: टॅब कुठे ठेवला होता, वाद्ये किती होती आणि कोणते ॲप वापरले, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. मात्र हा दबण्या-उसळण्याचा दोष बहुधा स्वयंचलित पातळीनियंत्रणाचा आहे. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून केलेली ही सोय मोठा आवाज खाली ओढते आणि शांततेत पंखाही वर आणते.

मडगावकर: एवढी चौकशी कशाला? ३२ बिट फ्लोटचा (अगदी हळू आणि अगदी मोठा, दोन्ही आवाज एकत्र टिपणारा) रेकॉर्डर घ्या, म्हणजे पातळी लावण्याची कटकटच उरत नाही. एका यंत्राने दहा कामे करावीत, हा हट्टच मला पटत नाही.

डिचोलीकर: आपण अर्धेच सांगत आहात. माइकच्या पडद्यावरच आवाज फुटला, तर पुढे कितीही बिट असले तरी तो सावरता येत नाही. टॅबला बाहेरचा माइक जोडून हाताने पातळी लावता येते, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनल अशा चांगल्या दर्जाने तासभर मुद्रण केले तरी फाइल साधारण एक जीबीचीच होते. ते टॅबला मुळीच जड नाही.

मडगावकर: आणि आरतीच्या मध्येच फोन आला, तर?

डिचोलीकर: विमान मोड कशासाठी असतो?

साखळीचा वाचक: घुमटाला कातडे कोणते लावले आहे? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असून घोरपडीचे कातडे वापरता येत नाही, आणि २०१९ मध्ये घुमट गोवा राज्याचे वारसा वाद्य झाल्यापासून तरी आपण सर्वांनी बकरीच्या कातड्याचा आग्रह धरायला हवा.

फोंडेकर: कातडे बकरीचेच आहे आणि तो प्रश्न मी विचारलेला नाही. पाच घुमट, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य), दोन कासाळी आणि आठ गाणारे आहेत. टॅब टीपॉयवर, कासाळेवाल्यापासून हातभर अंतरावर होता. ॲप टॅबबरोबर आलेलेच.

केपेकर: हे आधीच सांगितले असते तर वाद टळला असता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींमुळे थोडी कमी उतरते, तरी फरक जाणवतोच. टॅब गाणाऱ्यांसमोर उंचावर ठेवा, कासाळेवाल्याला मागे बसवा, पंखा बंद करा आणि पातळी हाताने लावता येईल असे ॲप घ्या. माझ्या मते निम्मे काम बैठकीनेच होते आणि रेकॉर्डरचा विचार त्यानंतर करावा.

फोंडेकर: काल रात्री तसे करून पाहिले. गाणे आता शब्दन्‌शब्द कळते, पण घुमटाचा खालचा घुमार टॅबच्या माइकमध्ये अजून पातळच येतो. तेवढ्यासाठी एखादा साधा माइक घेईन. टॅब विकत नाही. पंख्याविना घामाघूम झालेला मेळ मात्र दुसऱ्यांदा बसायला तयार नाही.