सल्ला हवा: चाळीस नेटवर्क सांभाळणारा व्हॅलिडेटर घ्यावा की एकदोनच नेटवर्क चालवणारा?

मेधा_नाशिक
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॉसमॉस हब या क्रिप्टो नेटवर्कचे ॲटम (त्याची नाणी) आहेत आणि थोडं सोलाना. दोन्ही एक्स्चेंजवर नुसतं पडून होतं, आता स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतलंय आणि स्टेक करायचंय, म्हणजे नेटवर्कच्या कामात गुंतवून त्याचं बक्षीस मिळवायचंय. एक व्हॅलिडेटर (नेटवर्कवरचे व्यवहार तपासून सही करणारा ऑपरेटर) हेरून ठेवलाय. त्यांच्या साइटवर इथेरियम, सोलाना, कॉसमॉस, पोल्काडॉट, कार्डानो, पॉलिगॉन अशी चाळीसेक नेटवर्कची यादी आहे. दोन्ही त्यांच्याकडेच दिलं की हिशोब एका ठिकाणी राहील. एवढी मोठी यादी म्हणजे माणसं जाणकार असणार ना? शिवाय सिंगापूरच्या आतेभावाला ३२ इथर (इथेरियमची नाणी) एखाद्या ऑपरेटरकडून चालवून घ्यायचे आहेत. कमिशन (बक्षिसातला त्यांचा वाटा) सोडून आणखी काय बघायचं, जाणकारांनी सांगावं.

नोड_आणि_मी
मेधाताई, यादी बघून निवडू नका. नाव एकच असलं तरी प्रत्येक नेटवर्कवर तो वेगळा व्हॅलिडेटर आहे असं धरूनच तपासा. मशीन वेगळं, नियम वेगळे, चुकीची शिक्षाही वेगळी. पोल्काडॉट उत्तम चालवणाऱ्याचं सोलाना रडतखडत चाललेलं असू शकतं.

ॲटमचं सांगतो. मिंटस्कॅन या साइटवर त्यांचं पान उघडा. तिथे लहान चौकोनांची जाळी दिसेल. एक चौकोन म्हणजे एक ब्लॉक, व्यवहारांचा एक गठ्ठा. सही झाली की एक रंग, चुकली की दुसरा. एखाददुसरा चुकलेला सगळ्यांचाच असतो. ओळच्या ओळ चुकलेली दिसली तर मात्र मशीन बंद होतं किंवा नेट गेलं होतं. ही जाळी शेवटच्या १०० ब्लॉकचीच, म्हणजे जेमतेम दहा मिनिटांची असते. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी, रात्री-अपरात्रीही बघा. अपग्रेडच्या दिवशी तर आवर्जून बघा; कोण जागं असतं ते तेव्हाच कळतं.

आता शिक्षा. व्हॅलिडेटर बराच काळ बंद राहिला तर ०.०१ टक्का कापला जातो, १००० ॲटमवर ०.१. ते सोसवतं. पण एकाच उंचीच्या (म्हणजे एकाच क्रमांकाच्या) दोन वेगवेगळ्या ब्लॉकवर सही केली तर ५ टक्के, म्हणजे ५० ॲटम, आणि तो व्हॅलिडेटर कायमचा बाद. ही कात्री तुमच्या ॲटमनाही लागते, फक्त त्याच्या नाही.

दुहेरी सही बहुधा लबाडीने होत नाही. मुख्य मशीन मेलं असं समजून बॅकअप चालू होतं, आणि मुख्य मशीन प्रत्यक्षात जिवंत असतं. दोघांकडे सही करायची गुप्त किल्ली तीच. म्हणून ऑपरेटरला सरळ विचारा, 'दोन मशीन एकाच वेळी सही करणार नाहीत याची सोय काय?' हॉरक्रक्ससारखा वेगळा साइनर (सही करणारं सॉफ्टवेअर) वापरतो असं कोणी नीट समजावून सांगितलं तर विश्वास ठेवायला जागा आहे. 'आमचं अपटाइम (मशीन चालू राहण्याचं प्रमाण) ९९.९ टक्के आहे' हे या प्रश्नाचं उत्तरच नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथेरियमवर 'स्टेक्ड' या व्यावसायिक कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर दुहेरी सहीमुळेच स्लॅश झाले होते, म्हणजे त्यांना अशीच कात्री लागली होती. मोठं नाव असून.

आणि कमिशनखाली बारीक अक्षरात कमाल मर्यादा आणि दिवसाला किती वाढवता येईल ते लिहिलेलं असतं. हे आकडे व्हॅलिडेटर सुरू करताना ठरतात, पुढे बदलता येत नाहीत. आज ५ टक्के आणि कमाल १०० असेल तर मी तरी देणार नाही.

सोलापूरचा_सोलाना
सोलानाबद्दल थोडं. तिथे अशी आपोआप कात्री आजवर लागलेली नाही, त्यामुळे धोका वेगळा आहे. व्हॅलिडेटरला मत देण्याची फी भरावी लागते, ती दिवसाला साधारण १ सोल (सोलानाचं नाणं) व्हायची. मशीनही दणकट लागतं. छोट्या ऑपरेटरला हे परवडत नाही आणि तो एक दिवस गाशा गुंडाळतो, किंवा गुपचूप कमिशन वाढवतो. स्टेकविझ या साइटवर कमिशनचा इतिहास बघा, आजचा आकडा नको. काढून घ्यायला मात्र सोपं. चालू युग (एपॉक, सोलानाचा ठराविक कालखंड) संपलं की मोकळं होतं, साधारण दोन दिवसांत.

बीकन_बाणेर
आतेभावासाठी. इथेरियमवर ॲटमसारखं नुसतं डेलिगेट करता (नाणी स्वतःकडेच ठेवून त्यांचं वजन व्हॅलिडेटरला देता) येत नाही. ३२ इथर जमा करताना दोन गोष्टी वेगळ्या असतात: व्हॅलिडेटरची सही करणारी किल्ली आणि पैसे परत येण्याचा पत्ता. पहिली ऑपरेटरकडे गेली तरी चालेल. दुसरा पत्ता भावाच्याच हार्डवेअर वॉलेटचा असला पाहिजे. एकदा बसला की बदलत नाही, म्हणून जमा करण्याआधी अक्षर न् अक्षर ताडून बघायला सांगा.

पूर्वी बाहेर पडायचं तर ऑपरेटरचीच सही लागायची. तो फोन उचलेना झाला की पैसे अडकलेच. ७ मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडपासून परतीच्या पत्त्यावरूनच एक्झिट (व्हॅलिडेटर बंद करून बाहेर पडणं) मागता येते. ही सोय ऑपरेटरच्या पानावर प्रत्यक्ष आहे का, हे विचारा.

तिसरा प्रश्न: क्लायंट, म्हणजे नोड चालवणारं सॉफ्टवेअर, कुठलं चालवता? त्याचे दोन भाग असतात. एक्झिक्युशनला (व्यवहार चालवायला) गेथ, नेदरमाइंड, बेसू. कन्सेन्ससला (ब्लॉकवर एकमत करायला) प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निम्बस. बहुसंख्य व्हॅलिडेटर एकाच क्लायंटवर असले आणि त्यातच बग निघाला तर सगळ्यांना एकत्र फटका बसतो. म्हणून अल्पसंख्य क्लायंट चालवणाऱ्याला मी नेहमी पसंती देतो. यात नेटवर्कचंही भलं आहे. तुम्हीही ॲटम देताना पहिल्या दहांतले सोडून जरा खालचा, नीट चालणारा व्हॅलिडेटर बघा. सगळं वजन वरच्या मूठभरांकडे गेलं तर विकेंद्रित म्हणायला उरतं काय?

सीए_काकू
बक्षीस कधी मिळालं आणि त्या दिवशी भाव काय होता, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव गं. विक्रीच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही. बक्षिसाचं काय करायचं ते आपल्या सीएला कागद दाखवून ठरव.

मेधा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे ॲटम आणि सोलाना वेगवेगळ्यांकडे. एक शंका: ॲटमचा व्हॅलिडेटर आवडला नाही तर बदलायला २१ दिवस थांबावं लागतं का?

नोड_आणि_मी
नाही. २१ दिवस लागतात ते ॲटम पूर्ण सोडवायला. एकाकडून दुसऱ्याकडे रीडेलिगेट (न सोडवताच व्हॅलिडेटर बदलणं) लगेच होतं, फक्त तेच ॲटम दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे न्यायला २१ दिवस थांबावं लागतं. त्या काळात पहिल्याने आधी केलेली चूक उघडकीला आली तर तिचीही कात्री लागू शकते. आणि सगळे ॲटम स्टेक करू नका. बक्षीस काढायला, व्हॅलिडेटर बदलायला प्रत्येक वेळी फी ॲटममध्येच जाते, तेवढे वॉलेटमध्ये मोकळे ठेवा.